हस्तकलेचे दुकान ऑनलाइन मांडताना

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे हाती घेतल्यावर ज्यांचा तजेला मनात ठसतो, तीच फळे पडद्यावर पाहणाऱ्या ग्राहकास ना हाताळता येतात, ना त्यांच्या आकाराचा अदमास येतो. म्हणून नवोदित विक्रेत्याने आपली पहिली मेहनत छायाचित्रावर खर्च करावी. सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, फळ तळहातावर ठेवून काढलेले एक चित्र लांबलचक वर्णनाहून अधिक विश्वास देते, असे माझे ठाम मत आहे.

किमतीचा हिशेब मात्र बहुधा रवानगीच्या खर्चात चुकतो. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, त्यावर कुरियरची आकारणी होते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात. म्हणजे दीड किलो भरणारी फळांची परडी 30 × 30 × 25 च्या खोक्यात घातली, की तिचा दर साडेचार किलोंचा लागतो! तेव्हा खोके आधी ठरवावे, किंमत मागाहून.

कायद्याची तरतूद लहान कारागिरास पुष्कळ अनुकूल आहे: जीएसटीच्या नोंदणीमर्यादेखाली उलाढाल असणाऱ्यास 1 ऑक्टोबर 2023 पासून, पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेऊन, ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून राज्यांतर्गत माल विकण्याची मुभा आहे. परप्रांती माल धाडण्याचे नियम निराळे असल्याने त्याआधी करसल्लागाराचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि तोवर महाराष्ट्रातच जम बसवावा.