खाणीतून आलेला सोनेरी सूर

ट्रम्पेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वरात, घोड्यावर घामाघूम झालेला नवरदेव, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणि लाल कोट घातलेले बँडवाले! आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांचं ट्रम्पेटशी नातं इथंच सुरू होतं आणि इथंच संपतं. माझं मात्र तसं नाही. त्या लाल कोटातल्या माणसांपैकी एक माझे वडील होते.

हे वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली. मास कम्युनिकेशनला असताना पहिल्याच दिवशी ओळखपरेड झाली. कुणाचे वडील आर्किटेक्ट, कुणाचे बँकेत मॅनेजर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “म्युझिकमध्ये आहेत.” खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. लग्नसराईत सुपाऱ्या घेणारे आणि उरलेले महिने सायकलची पंक्चर काढणारे अण्णा त्या एका शब्दात मी गुंडाळून ठेवले होते.

आणि मग एके रात्री, डेडलाइन डोक्यावर असताना, हेडफोनवर सहज लावलेल्या एका अल्बममुळे मोरिस आंद्रे नावाचा माणूस माझ्या आयुष्यात आला.

आधी वाटलं, हे बासरीसारखं काहीतरी असावं. इतका हलका, गोल, चमकता आवाज! नाव वाचलं तर ‘ट्रम्पेट’. उत्सुकता म्हणून माणसाची माहिती काढली आणि काम बाजूलाच राहिलं. आंद्रेचा जन्म १९३३चा, दक्षिण फ्रान्समधल्या आलेस या कोळशाच्या गावातला. वडील खाणकामगार आणि हौशी ट्रम्पेटवादक. पोरगाही कोवळ्या वयात खाणीत उतरला. पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉरची फी भरायची ऐपत नव्हती, म्हणून पठ्ठ्या लष्कराच्या बँडमध्ये भरती झाला. बँडवाल्यांना तिथं फी माफ होती ना! म्हणजे हासुद्धा बँडवालाच की!

असं सांगतात, की काही महिन्यांनी त्याचे गुरू साबारिश वैतागले आणि नीट वाजवता येईल तेव्हाच ये, असं सांगून त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. काही आठवड्यांनी आंद्रे परत आला आणि आर्बानच्या जाडजूड पुस्तकातले शेवटचे चौदा कठीण अभ्यास त्यानं एकही चूक न करता वाजवून दाखवले. पुढं १९६३मध्ये म्युनिकच्या स्पर्धेत त्याला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. यानं विचारलं, स्पर्धक म्हणून आलो तर चालेल का? आला आणि जिंकलाही.

आता खरी गंमत ऐका. एकट्यानं स्टेजवर उभं राहून वाजवावं असं ट्रम्पेटसाठी फारसं काही लिहिलेलंच नव्हतं. जुन्या काळी ट्रम्पेट म्हणजे नुसती नळी. खालच्या पट्टीत मोजकेच सूर लागायचे, सलग सूर हवे असतील तर फार वर, उंच पट्टीत जावं लागायचं. बाख, टेलेमान यांनी तिथंच लिहिलं, पण अठराव्या शतकाच्या शेवटाला ती कलाच मागे पडली. मग व्हिएन्नाच्या वाइडिंगर नावाच्या वादकानं चाव्यांचं ट्रम्पेट आणलं. त्याच्यासाठी हायडननं १७९६मध्ये आणि हुमेलनं १८०३मध्ये कॉन्चेर्तो लिहिले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात मात्र बराचसा शुकशुकाट.

आंद्रेनं दोन गोष्टी केल्या. एक, पिकोलो ट्रम्पेट हातात घेतलं. याची नळी नेहमीच्या ट्रम्पेटच्या निम्मी, आवाज एक सप्तक वर. बाखच्या काळातल्या त्या उंच जागा त्यानं पुन्हा वसवल्या. (छोटं आहे म्हणून सोपं असेल असं समजू नका. ओठांचा जीव जातो!) दोन, दुसऱ्यांच्या घरातलं खुशाल उचललं. ओबोचे कॉन्चेर्तो, बासरीच्या रचना, व्हायोलिनचं संगीत, अगदी गाण्यासाठी लिहिलेले सूरसुद्धा. जवळपास तीनशे रेकॉर्ड्स! त्यात अल्बिनोनी आहे, मारी-क्लेर आलँच्या ऑर्गनबरोबरचं चर्चसारखं गंभीर संगीत आहे, कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचा १९७४चा हुमेल आहे आणि संगीतकार जोलिव्हे स्वतः ऑर्केस्ट्रा चालवत असतानाचं अंगावर येणारं विसाव्या शतकातलं संगीतही आहे. सोबत लोकांच्या ओठांवरच्या चालीही. काही जाणकारांनी नाकं मुरडली असतील, पण ट्रम्पेटचा एकल वादक ही चीज घराघरांत पोचली ती याच माणसामुळे. २०१२मध्ये तो गेला.

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एकच विचार. अण्णांनी वेगळं काय केलं? त्यांनीही दुसऱ्यांचंच उचललं. सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’, भजनं, लावणी, नागीणडान्स. ज्या घरासमोर उभे राहिले, त्या घराचं वाजवलं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा फोन आणि हेडफोन घेऊनच गेले. अण्णांनी वाजवणं सोडून सात वर्षं झालीत. समोरचे दात पडले की ट्रम्पेट संपतं, असं ते एकदाच म्हणाले होते, पुन्हा कधी नाही. त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हुमेलचा शेवटचा, धावता भाग लावला.

पहिला मिनिटभर चेहरा कोरा. मग उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलायला लागली. मी बघतच राहिले.

“श्वास कुठं घेतोय ह्यो?” अण्णांनी विचारलं. हेडफोनमुळे आवाज मोठा, आई स्वयंपाकघरातून डोकावली.

“अण्णा, हा खाणीत काम करायचा. वडीलही खाणीतच होते. वडीलही ट्रम्पेट वाजवायचे.”

“बरं मग? त्याच्या बापाचं नाव लिहिलंय का कुठं?”

मी शोधलं. मार्सेल. अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, “आता परत लाव.”

परवा एका ऑफिस पार्टीत कुणीतरी विचारलं, “तुझे वडील काय करतात?” मी म्हटलं, “ट्रम्पेट वाजवायचे, लग्नाच्या बँडमध्ये.” समोरचा दोन सेकंद गप्प झाला आणि मग त्यानं विचारलं, “ए, मग त्यांना ‘नागीण’ येतं का गं?”

येतं तर! आणि आता हुमेलसुद्धा पाठ आहे. निदान बोटांना तरी.

सुरुवात इथून करा
• मूड खराब, सोमवार सकाळ: टेलेमान, डी मेजर कॉन्चेर्तो
• लोकलमध्ये, खिडकीची जागा मिळालीच तर: हायडन, दुसरा संथ भाग
• रात्री उशिरा, दिवे मालवून: ट्रम्पेट आणि ऑर्गन
• घरच्यांबरोबर: हुमेल, शेवटचा भाग. आणि त्यांच्या बोटांकडे लक्ष ठेवा!