मामांचं पूर्वेचं दार आणि कुआ अंक: दावा तपासण्याआधी काय तपासायचं?

पीएचडीला प्रवेश घेतला की घरात आपली एक नवी नेमणूक होते. "तू संशोधन करतेस ना, मग सांग" असं म्हणत कुणीही काहीही विचारतं. तुम्ही सध्या पेट किंवा नेटची तयारी करत असाल, तर ही वेळ तुमच्यावरही येणार आहे. गेल्या दिवाळीत ती माझ्यावर आली.

माझे मामा भोर तालुक्यातल्या कामथडीला राहतात. पुणे-सातारा हायवेपासून थोडं आत, रस्त्याच्या पश्चिमेला त्यांचं नवं घर आहे. मुख्य दार पूर्वेला, म्हणजे हायवेकडे तोंड करून. वर्षभर मामींना धड झोप नाही आणि मामांची शुगर आटोक्यात येत नाही. कुणाच्या तरी ओळखीने एक फेंगशुईवाले सल्लागार घरी आले. त्यांनी मामांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख बघितली, मोबाइलवर दिशा बघितली आणि सांगितलं, "तुमचा कुआ अंक ८. तुम्ही पश्चिम गटातले. पूर्वेचं दार तुम्हाला बाधतंय, ते पश्चिमेला न्या."

पश्चिमेला मागची पडवी आणि गोठा. भिंत फोडणं, नवी चौकट, पायऱ्या, गोठा हलवणं, सगळं धरून गवंड्याने दीड लाखाचा अंदाज दिला. मामा कर्ज काढायच्या विचारात होते. मला विचारलं, तर मी पटकन म्हणाले, "मामा, असं काही नसतं हो."

मामा शांतपणे म्हणाले, "तू हे तपासलंस का?"

तपासलं नव्हतं. मग दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस मी तेच केलं. काय केलं ते क्रमाने सांगते, कारण तुमच्या विषयातल्या कुठल्याही दाव्याला हाच क्रम लागू पडतो.

पहिली पायरी: दावा नीट लिहून काढा

"फेंगशुई खरं की खोटं" हा तपासण्याजोगा प्रश्नच नाही, तो फार मोठा आणि ढगळ आहे. म्हणून आधी नेमका नियम वहीत उतरवायचा.

कुआ अंक चिनी फेंगशुईतल्या 'बा झाय', म्हणजे अष्टगृह पद्धतीतून येतो. जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे मिळवायचे आणि बेरीज एका अंकावर आणायची. २००० सालाआधीचा जन्म असेल तर पुरुषांनी ती १० मधून वजा करायची, स्त्रियांनी तिच्यात ५ मिळवून पुन्हा एका अंकावर आणायची. २००० पासून पुढे पुरुषांसाठी ९ मधून वजा, स्त्रियांसाठी अधिक ६. उत्तर ५ आलं तर पुरुषाने २ आणि स्त्रीने ८ धरायचा.

१, ३, ४, ९ हा पूर्व गट. त्यांना उत्तर, दक्षिण, पूर्व आणि आग्नेय चांगल्या. २, ६, ७, ८ हा पश्चिम गट. त्यांना पश्चिम, वायव्य, नैर्ऋत्य आणि ईशान्य चांगल्या. मामांचं कागदोपत्री जन्मवर्ष १९६५. ६ + ५ = ११, १ + १ = २, १० − २ = ८. म्हणजे सल्लागारांचं गणित बरोबर होतं.

आपल्या वास्तुशास्त्रापेक्षा हे वेगळं आहे, हेही नोंदवून ठेवा. दक्षिणेला डोकं करून झोपावं, उत्तरेला करू नये, हे आपल्याकडे घरातल्या सगळ्यांना सारखंच सांगतात. कुआ पद्धतीत दक्षिण निम्म्या लोकांना चांगली आणि निम्म्यांना वाईट. दोन्ही नियम एकाच माणसाला एकाच वेळी पाळायला सांगितले, तर बऱ्याच घरांत ते एकमेकांवर आदळतात.

दुसरी पायरी: आत जाणारा आकडा कुठून आला?

मामांची जन्मतारीख १ जून १९६५. गावाकडचे वाचक इथे हसले असतील. आपल्याकडे एका पिढीच्या निम्म्या ओळखीच्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली असते.

मी आजीला विचारलं. तारीख तिला माहीत नाही. पण ती म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला ना, तवा ह्याला तीन वर्सं भरायला संक्रांतीचाच अवकाश व्हता." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे मामांचा जन्म जानेवारी १९६५ च्या आसपासचा. माणसांना तारखा आठवत नाहीत, घटना आठवतात. म्हणून लोकसंख्येच्या सर्वेक्षणांतही वय काढताना अशा घटनांची यादी जवळ ठेवतात. मुलाखती घेऊन संशोधन करणार असाल तर हे तंत्र शिकून घ्या.

आता गंमत बघा. ज्या पद्धतीत हा अंक निघतो, तिच्यात वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. कुणी चिनी नववर्ष धरतं, कुणी ४ फेब्रुवारीच्या आसपासचा वसंतारंभ. दोन्हींप्रमाणे जानेवारी १९६५ चा जन्म १९६४ या वर्षात मोजायचा. मग ६ + ४ = १०, १ + ० = १, १० − १ = ९. मामा पूर्व गटात! आणि ९ अंकाला पूर्व नुसती चांगली नाही, चारही चांगल्या दिशांत ती पहिल्या क्रमांकाची मानतात. पाडायला निघालेलं दार एका बेरजेत सर्वोत्तम ठरलं.

तिसरी पायरी: मोजमाप किती चुकू शकतं?

मग दिशा. मी माझ्या मोबाइलमधलं होकायंत्र दाराच्या लोखंडी ग्रिलला लागून धरलं, तर दाराची दिशा ६२ अंश आली. अंगणात वीस पावलं पुढे जाऊन त्याच रेषेत धरलं, तर ८४ अंश. आठ दिशांतल्या प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात आणि ईशान्य ६७.५ अंशांवर संपून पूर्व सुरू होते. म्हणजे ग्रिलजवळ दार ईशान्येचं आणि अंगणात पूर्वेचं. ईशान्य पश्चिम गटाला चालते. सल्लागार दोन पावलं पुढे उभे राहिले असते, तर कुआ ८ धरूनसुद्धा दार वाचलं असतं.

दोष मोबाइलचा नाही. त्यातला संवेदक चुंबकीय क्षेत्र मोजतो, आणि ग्रिल, स्लॅबमधल्या सळ्या, लोखंडी कपाट, दारातली गाडी सगळीच त्या क्षेत्रात ढवळाढवळ करतात. ही अडचण किती गंभीर असू शकते, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. आणि जुन्या-नव्या नोंदींची सांगड बसावी म्हणून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. उपकरण किंवा जागा बदलताना असंच करायचं असतं, हे प्रयोगशाळेत आम्हाला फार उशिरा कळतं.

तुम्हीही एक हिशेब करून बघा. आठ सीमांपैकी चार ठिकाणी गट बदलतो: वायव्य-उत्तर, उत्तर-ईशान्य, ईशान्य-पूर्व आणि दक्षिण-नैर्ऋत्य. होकायंत्र दोन्ही बाजूंना १० अंशांनी चुकू शकतं असं धरलं, तर ३६० पैकी ८० अंशांच्या पट्ट्यात निकाल उलटा लागू शकतो. म्हणजे पाचातल्या एकापेक्षा जास्त घरांत.

चौथी पायरी: नुसत्या योगायोगाने काय दिसेल?

आठांपैकी चार दिशा वाईट. म्हणजे कुठलीही एक गोष्ट "चुकीच्या" दिशेला असण्याची शक्यता १/२. सल्लागार चार गोष्टी तपासतात असं धरू: दार, पलंग, शेगडी, अभ्यासाचं टेबल. त्या एकमेकांवर अवलंबून नसतील, तर चारही बरोबर असण्याची शक्यता १/१६. उरलेल्या १५/१६ घरांत, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के घरांत, काहीतरी दोष सापडणारच. आणि वर्षभरात आजारपण किंवा पैशाची ओढाताण झाली नाही असं घर कुठे आहे? दोष आणि दुःख दोन्ही सगळीकडे असली की त्यांची जोडी लावणं सोपं जातं.

मामींचं वर्ष १९७०. त्यांचा अंक निघतो ३, पूर्व गट. म्हणजे तेच दार मामींना चांगलं. मामांनी फोनवर हे विचारलं, तर उत्तर आलं, "कर्त्या पुरुषाचा अंक धरायचा." असेलही. पण हा नियम आधी सांगितलेला नव्हता. निकाल अडचणीत आल्यावर सांगितलेला नियम पुरावा म्हणून धरता येत नाही. हे आपल्याही शोधनिबंधांना लागू आहे.

पाचवी पायरी: चाचणी कशी असावी?

यासाठी पुण्यातलं एक काम जरूर वाचा. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. ती २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी यश सुमारे ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली. नाणेफेकीनेही निम्मी येतातच. ४० पैकी २८ किंवा जास्त नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता मात्र एक टक्क्याच्याही आत आहे. दाव्याला जिंकायची खरी संधी होती, म्हणून ही चाचणी चांगली.

आमच्या घरी मी असाच बेत केला. मामी हायवेकडच्या खोलीत झोपायच्या, रात्रभर ट्रक. त्यांना मागच्या खोलीत हलवायचं आणि मग दर आठवड्याला नाणं उडवून डोकं पूर्वेला की पश्चिमेला ते ठरवायचं. कोणती दिशा "चांगली" ते त्यांना सांगायचं नाही. रोज सकाळी चहाआधी झोपेला दहापैकी गुण. खोली बदलणं आणि दिशा बदलणं एकदम केलं असतं, तर फरक कशामुळे पडला ते कळलंच नसतं.

मामी मागच्या खोलीत गेल्या, डोकं आधीसारखंच दक्षिणेला. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, मला झोप लागतीये आता. तुझा प्रयोग राहू दे." सहभागी व्यक्तीला नकार द्यायचा पूर्ण हक्क असतो, तेव्हा विषय संपला. दिशा तीच होती आणि खोली बदलली, इतकंच मी खात्रीने सांगू शकते. एका माणसाच्या चार रात्रींवरून "आवाजच कारण होता" असं मी लिहिणार नाही.

राहिलं मामांचं दार

नऊ अंक ऐकून मामा खूश झाले. "म्हणजे दार उत्तमच आहे की!" दीड लाख वाचत होते, मामी हसत होत्या, मीही गप्प बसू शकले असते. रात्रभर ते मनाला लागून राहिलं. सकाळी मी त्यांना म्हटलं, "मामा, नऊ आला म्हणून दार चांगलं असं मी म्हणत नाहीये. एका तारखेने वाईटाचं उत्तम होतं, दोन पावलांनी दिशा बदलते. अशा मोजमापावर मी भिंत फोडणार नाही, आणि त्याच मोजमापावर दाराला चांगलंही म्हणणार नाही."

मामा थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "आणि शुगर?"

ती दाराला विचारायची गोष्ट नाही, डॉक्टरांना विचारू, असं म्हणून आम्ही नसरापूरला तपासणीला गेलो. त्यांनी दोन महिने गोळ्या अर्ध्याच घेतल्या होत्या, ते तिथे कळलं.

तुमच्या प्रबंधातही एखादा आकडा असा येईल, जो तुम्हाला हवं तेच उत्तर देईल. तो कुठून आला, किती चुकू शकतो आणि उलटा आला असता तर तुम्ही तो मान्य केला असता का, हे तीन प्रश्न त्या दिवशी नक्की विचारा. नको असलेल्या आकड्याला ते आपण न सांगताच विचारतो.