घरांतील उष्मा आणि ड्रोनचें चित्र

केंद्र सरकारनें २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना आरंभिली व गांवठाणांची मोजणी ड्रोननें होऊं लागली, हें वाचकांस ठाऊक आहेच. महसुली दप्तरांत आमची हयात गेली, त्यामुळें ह्या मोजणीकडे आम्हीं कुतूहलानें पाहिलें. त्याच ड्रोनास उष्णता टिपणारा कॅमेरा जोडल्यास घर कोठें तापतें तें कळतें व विजेचा खर्च कमी करतां येतो, असें आतां सांगतात. कौलें उतरवून स्लॅब घालणाऱ्या व मागाहून वातानुकूलन यंत्राचा विचार करणाऱ्या मालवण किनाऱ्यावरील बागायतदारांनीं हें समजून घेण्याजोगें आहे.

प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेच्या मानानें डोळ्यांस न दिसणारे किरण बाहेर टाकतो. हा कॅमेरा ते टिपून उष्ण व थंड भाग निरनिराळ्या रंगांत दाखवितो. परंतु त्यास केवळ पृष्ठभाग कळतो, भिंतीच्या आंतील कांहीं दिसत नाहीं. चकचकीत पत्रा तर आकाशाचें प्रतिबिंब दाखवून असतो त्याहून पुष्कळ थंड भासतो; तेव्हां पत्र्याच्या मांगराचें चित्र पाहून भुलूं नये.

थंड देशांत हें काम हिवाळ्यांत पहांटे करतात. घर आंतून तापविलेलें असतें, आणि जेथून ऊब निसटते तेथें चित्रांत डाग उमटतो. आपल्याकडे घर तापवितो कोण? येथें चित्र सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनीं घ्यावें. पातळ कौलें तोंवर निवतात; स्लॅब मात्र दिवसभराचें ऊन पोटांत सांठवून रात्रीं खालीं निजलेल्यांवर सोडीत असतो. पाऊस सरून ऊन पडूं लागलें म्हणजे दिवसाही एक काम साधतें. वाळतें पाणी उष्णता ओढून घेतें, म्हणून स्लॅबवरील ओलसर जागा सभोंवारच्या भागाहून थंड दिसते. गळती हुडकण्याचा हा उपयोग आम्हांस सर्वांत रोकडा वाटतो.

दोष दिसला तरी उपाय चित्रांत नसतो. त्यासाठीं संगणकावर घराचें प्रतिरूप करतात. चिऱ्याच्या भिंतीची जाडी, छपराचा प्रकार, खिडक्यांची दिशा, माडांची सावली व हवामान हीं त्यांत भरलीं, कीं स्लॅबवर पांढरा चुना दिल्यास किती फरक पडेल व वर कौलारू छप्पर चढविल्यास किती, हें खर्चापूर्वीं अजमावतां येतें. मात्र मापें अदमासानें भरलीं तर तें खोट्या पीकपाहणीवरून आणेवारी काढण्यासारखेंच होय.

वारा कॅमेऱ्यांत येत नाहीं, आणि आपल्या दमट हवेंत घाम वाळण्यास वाराच हवा. २०१८ च्या इको-निवास संहितेंत उष्ण-दमट प्रदेशासाठीं उघडतां येणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र घराच्या जमिनीच्या किमान १६.६६ टक्के ठेविलें आहे. १०० चौरस फुटांच्या खोलीस सुमारें १७ चौरस फूट. ती संहिता मोठ्या भूखंडांवरील वसाहतींसाठीं असली तरी हें प्रमाण आपणही घ्यावें.

एका घरासाठीं ड्रोन बोलावण्याचें कारण नाहीं; हातांत धरावयाचा तसलाच कॅमेरा पुरतो. काजूचा कारखाना किंवा आंब्याचें मोठें शीतगृह असल्यास गोष्ट निराळी. तेव्हां २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें यंत्राची नोंदणी आहे कीं नाहीं तें पाहावें, व चिपी विमानतळाच्या आसपास उड्डाणाची परवानगी लागते कीं काय, हें सरकारी नकाशावरून आधीं ठरवून घ्यावें.