रेडिएटरचा पंखा किती डिझेल खातो?

गळीत हंगामात शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर दिसतात. त्यांच्या डिझेलचा काही भाग चाकांपर्यंत पोहोचतच नाही, तो रेडिएटरचा पंखा खातो.

पंखा थेट इंजिनाला जोडलेला असेल तर गरज असो वा नसो, तो फिरतोच. आणि त्याचं गणित महागडं आहे: पंख्याचे फेरे दुप्पट झाले की त्याला लागणारी ताकद साधारण आठपट होते. डिसेंबरच्या गार पहाटे रिकामा ट्रक वेगात परततो, तेव्हा समोरचं वारंच बहुतेक वेळा पुरतं. पंखा मात्र फुकट डिझेल जाळत असतो.

व्हिस्कस क्लचचा पंखा इथे पैसे वाचवतो. त्याच्या क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लचवरची धातूची पट्टी वाकते, तेल आत सरकतं आणि पंखा जोर धरतो. हवा गार झाली की पकड पुन्हा सैल.

ट्रॅक्टरचं वेगळं. दोन ट्रेलर ओढताना वेग कमी, वारं नाही, त्यामुळे पंखा हवाच. डिझेलसाठी त्याची पाती छाटायच्या फंदात पडू नका. इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं तर वाचलेलं सगळं गॅरेजवाल्याला जाईल. त्यापेक्षा रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट रोज झटका. जाळी तुंबली की क्लचवाला पंखाही जास्त वेळ जोरात फिरत राहतो.