दावा ठोकला की व्हिसा सुटतो?

डिसेंबर २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी एच-१बी व्हिसाच्या मुलाखती पुढे ढकलायला सुरुवात केली. १५ डिसेंबरपासून अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायचा नियम आला, रोजच्या मुलाखतींची संख्या घटली, आणि दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली माणसं मार्चपर्यंत, काही तर त्याहून पुढे, इथेच अडकली. पेण आणि रोह्याच्या घरांना या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लोणेऱ्याला किंवा मुंबई-पुण्याला इंजिनिअरिंग करायचं, कर्ज काढून अमेरिकेत मास्टर्स करायचं, मग एच-१बीच्या लॉटरीत नाव घालायचं, हा रस्ता आता इथल्या गल्लीगल्लीत ठाऊक आहे. तारीख पुढे गेली की आधी नोकरीची काळजी, मग तिकडे चालू असलेल्या घरभाड्याची, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "सगळ्यांनी मिळून केस का ठोकत नाही?"

प्रश्न रास्त आहे. पेणकरांना एकत्र येऊन कोर्टात जाणं नवंही नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली तेव्हा ठेवीदारांची संघर्ष समिती उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. पण ठेवीदाराचा पैसा त्याच्या हक्काचा असतो, व्हिसा तसा नसतो. अमेरिकी न्यायालय सरकारला फार तर "निर्णय द्या" असं सांगतं. "व्हिसा द्या" असं सांगत नाही. हा फरक नीट न कळल्यामुळे लोक हजारो डॉलर घालवतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो आहे.

गैरसमज: लॉटरी म्हणजे एकच लॉटरी

"लॉटरी" म्हणताना आपण निदान तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. एच-१बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा. त्याची वर्षाची मर्यादा ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. नाव कंपनी घालते, उमेदवार नाही. मार्च २०२५ च्या फेरीत ३ लाख ४३ हजार ९८१ पात्र नोंदण्यांतून १ लाख २० हजार १४१ निवडल्या गेल्या. २०२६ च्या फेरीपासून तर ती निव्वळ नशिबाचीही राहिली नाही, कारण नव्या नियमाने जास्त पगाराच्या श्रेणीला जास्त संधी दिली आहे.

दुसरी ती खरी "व्हिसा लॉटरी", म्हणजे डायव्हर्सिटी व्हिसा. १९९० च्या कायद्याने आलेली, वर्षाला ५५ हजारांपर्यंत ग्रीन कार्डं देणारी. तिसरी लॉटरी नव्हेच, ती रांग आहे. न्यू जर्सीतल्या भावाने बहिणीसाठी टाकलेली फाइल किंवा कंपनीने टाकलेली ग्रीन कार्डाची फाइल या रांगेत असते. तिघींचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या, आणि कोर्टात उभं राहिल्यावर त्यांचं होतं तेही वेगळं.

गैरसमज: डायव्हर्सिटी लॉटरीचा फॉर्म भारतीयाला भरता येतो / कधीच भरता येत नाही

दोन्ही विधानं पसरलेली आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५० हजारांहून जास्त लोक अमेरिकेत स्थायिक झाले, तो देश बाद होतो. भारत या यादीत पक्का आहे. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, फिलिपिन्सही आहेत. त्यामुळे पेणच्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलाकडून फॉर्मचे पैसे घेणारा एजंट त्याला सरळ फसवतो आहे.

पण कायदा नागरिकत्व पाहत नाही, जन्मस्थान पाहतो. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरीला आहेत. कुवेतमध्ये जन्मलेलं त्यांचं मूल भारतीय पासपोर्टवरही या लॉटरीत "कुवेत" म्हणून धरलं जातं. रोहेकर, पेणकर ही आडनावं लावणारे बेने इस्रायली इथल्याच गावांवरून ओळखले जातात; त्यांच्यातला रोह्यात जन्मलेला काका अपात्र आणि इस्रायलमध्ये जन्मलेला पुतण्या पात्र. कोकणात आंब्याच्या बागा राखणारा नेपाळी गडी बारावी झालेला असेल तर तोही पात्र, कारण नेपाळ बाद देशांच्या यादीत नाही. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म पात्र देशातला असेल तर दुसऱ्यालाही त्याचा आधार घेता येतो.

एक मात्र ध्यानात ठेवावं: डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हा कार्यक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आज कोणी "यंदाचा फॉर्म भरून देतो" म्हणत पैसे मागत असेल तर आधी सरकारी संकेतस्थळ उघडून पाहावं.

गैरसमज: नंबर लागला म्हणजे व्हिसा पक्का

पेढे इथेच वाटले जातात आणि मन मोडतं तेही इथेच. डायव्हर्सिटीत मुद्दाम जास्त माणसं निवडतात. २०२५ च्या वर्षासाठी कुटुंबीय धरून सुमारे १ लाख ३१ हजार जणांची निवड झाली, व्हिसे फार तर ५५ हजार. उरलेले गळणार हे ठरलेलंच असतं.

मे २०११ मध्ये तर निकालच रद्द झाला. सुमारे २२ हजार लोकांना निवड झाल्याचं कळवल्यावर लक्षात आलं की संगणकाने बहुतेक नावं अर्ज स्वीकारण्याच्या पहिल्या दोन दिवसांतलीच उचलली आहेत. ही सोडत यादृच्छिक नाही म्हणून सरकारने ती मोडली. निवड झालेल्यांनी सामूहिक दावा लावला. वॉशिंग्टनच्या न्यायाधीश एमी बर्मन जॅक्सन यांनी तो जुलैमध्ये फेटाळला आणि सोडत नव्याने झाली. आपली काहीच चूक नसताना हातात आलेली गोष्ट जाणं हे फार वाईट, पण निवडीने हक्क तयार होत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट झालं.

गैरसमज: सरकारने उशीर केला तर मुदत संपल्यावरही कोर्ट व्हिसा मिळवून देतं

हा समज २०२० मुळे बळावला, आणि त्या वर्षी तो काही प्रमाणात खराही होता. करोनात वकिलाती बंद पडल्या, वर राष्ट्राध्यक्षांचा बंदी-हुकूम आला. डायव्हर्सिटीचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. त्या रात्रीनंतर त्या वर्षीचा नंबर मेला. हजारो निवड झालेल्यांच्या वतीने दावे दाखल झाले. न्यायाधीश होते अमित मेहता, गुजरातेत जन्मलेले. त्यांनी आधी सरकारला या फाइली पुढे काढायला सांगितलं आणि मुदतीच्या दिवशी ९,०९५ व्हिसे राखून ठेवायचा आदेश दिला. पुढच्या वर्षीही असेच आदेश झाले. जगभरच्या निवड झालेल्यांना वाटलं, आता वाट सापडली.

ती वाट २५ जून २०२४ रोजी बंद झाली. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ठरवलं की कायद्याने घातलेली ३० सप्टेंबरची मुदत न्यायालयाला ओलांडता येत नाही. चार वर्षं आशेवर असलेल्यांचा प्रश्न तिथेच संपला. आजही कोणी वकील २०२०-२१ चे आदेश दाखवून गट जमवत असेल, तर त्याला २०२४ चा निकाल विचारा. उत्तर टाळलं तर पैसे देऊ नका.

गैरसमज: फाइल रखडली की केस करून पुढे काढता येते

इथे थोडं थांबावं लागेल, कारण रखडण्याचे प्रकार दोन आहेत.

काही फाइली कोट्यामुळे थांबतात. अमेरिकी परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यातला भारताचा स्तंभ पाहा: भावंडांच्या प्रवर्गात २०२५ साली २००६ मधल्या अर्जांची पाळी चालू होती. नोकरीच्या दुसऱ्या प्रवर्गात, ज्याला सगळे ईबी-२ म्हणतात, २०१३ च्या अर्जांची. कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हा १९९० चा नियम. ही रांग न्यायाधीश हलवू शकत नाही, ती संसदेच्याच हातात आहे. एकाला पुढे काढलं तर दुसरा तेवढाच मागे जातो, म्हणून न्यायालयं अशा मागणीला बहुधा नकार देतात. १९८४ च्या एका निकालापासून उशीर "अवाजवी" आहे का हे ठरवायच्या सहा कसोट्या चालत आल्या आहेत आणि इतरांवर होणारा परिणाम त्यांतलीच एक आहे.

दुसरा प्रकार म्हणजे पाळी आली, मुलाखत झाली, आणि फाइल तिथेच. खिडकीतून एक छापील पत्र मिळतं, त्यावर कलम २२१(जी) लिहिलेलं असतं. मुलं म्हणतात, "एपीत अडकलो", म्हणजे प्रशासकीय प्रक्रियेत. इथे दाव्याला अर्थ असतो. आपल्याकडे घटनेच्या कलम २२६ खाली परमादेशाची मागणी करतात, तशीच ही तिथल्या फेडरल कोर्टात होते. उत्तर द्यायला सरकारला ६० दिवस मिळतात आणि कित्येकदा तेवढ्यात फाइल हलते. पण निर्णय "नाही" असाही येऊ शकतो आणि त्यावर कोर्ट सहसा हात लावत नाही. शिवाय कायद्याच्या भाषेत २२१(जी) हे पत्र म्हणजे नकारच. जुलै २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने अशाच एका प्रकरणात म्हटलं की नकार दिला म्हणजे अधिकाऱ्याने आपलं काम केलं, पुन्हा निर्णय द्यायची सक्ती करता येत नाही. तेव्हापासून तिथे असे दावे अवघड झाले आहेत. चुलतभावाचा २०२३ मधला अनुभव २०२६ मध्ये उपयोगी पडेलच असं नाही.

गैरसमज: एकत्र येऊन काही होत नाही

वरचं वाचून हातपाय गाळायचं कारण नाही. माझ्या मते सामूहिक दावा सगळ्यात चांगला चालतो तो रांगेविरुद्ध नव्हे, तर खात्याच्या चुकीच्या वागण्याविरुद्ध.

जुलै २००७ चं उदाहरण भारतीयांचंच आहे. जूनमध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की नोकरीच्या जवळजवळ सगळ्या प्रवर्गांत जुलैत ग्रीन कार्डाचा अर्ज टाकता येईल. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांना पैसे दिले, भारतातल्या सहली रद्द केल्या. २ जुलैला खात्याने शब्द फिरवला: व्हिसे संपले. वकिलांच्या संघटना सामूहिक दाव्याच्या तयारीला लागल्या, आणि त्याच वेळी भारतीय अर्जदारांनी "लगे रहो मुन्नाभाई"ची गांधीगिरी केली. १० जुलैला इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात फुलांच्या गुच्छांचा ढीग लागला. त्यांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत पाठवली. १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. कोर्टाच्या निकालापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

दुसरं उदाहरण एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावरच्या, बायकांचं. नवऱ्याची मुदतवाढ काही दिवसांत व्हायची, त्यांची मात्र महिनोन्‌महिने नाही, आणि कामाचा परवाना संपला की चांगली नोकरी सोडून घरी बसायची वेळ. २०२१ मध्ये सिएटलच्या कोर्टात दावा झाला. जानेवारी २०२३ मध्ये तडजोड झाली: नवऱ्याची आणि बायकोची फाइल एकत्रच पाहायची. फायदा वादींनाच नाही, सगळ्यांना झाला. पण तडजोड दोन वर्षांची होती, जानेवारी २०२५ मध्ये ती संपली. जिंकलेली गोष्टही टिकवावी लागते.

गैरसमज: एक गट जिंकला की सगळ्यांना लाभ

"क्लास अ‍ॅक्शन" आणि "पन्नास जणांचा दावा" या दोन गोष्टी आहेत. पहिल्यात न्यायाधीश संपूर्ण वर्गाला मान्यता देतो. तुमचं नाव नसलं तरी तुम्ही त्यात. दुसऱ्यात ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांनाच आदेश लागू होतो. व्हिसाच्या उशिराचे बहुतेक दावे दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि जाहिरातीत मात्र त्यांनाही पहिलंच नाव देतात.

करारनामा हातात आला की आधी एवढं शोधा: मागणी कशाची आहे, निर्णयाची की व्हिसाची? न्यायाधीशाने गट फोडून प्रत्येकाला वेगळा दावा करायला सांगितलं तर पुढचा खर्च कोणाचा? तडजोड करायची की नाही हे कोण ठरवणार? पैसे परत मिळायची अट कोणती? फेडरल कोर्टाची दाखल-फी एका दाव्याला ४०५ डॉलर आहे, वादी एक असो वा पन्नास. बाकी सगळी रक्कम वकिलाची, तेव्हा ती कशाकशासाठी हे विचारण्यात गैर काही नाही. वकील खरा आहे का हे अमेरिकेतल्या त्या त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. "व्हिसा कन्सल्टंट" दावा चालवू शकत नाही.

दोन गैरसमज चटकन सांगून टाकतो. दावा लावला म्हणून नाव काळ्या यादीत जात नाही. व्हिसा नाकारायची कारणं कायद्यात दिलेली आहेत, सरकारवर दावा लावणं त्यांत नाही. नाव मात्र सार्वजनिक नोंदीत येतं. आणि अमेरिकी वकिलातीला अलिबागच्या किंवा मुंबईच्या कोर्टात खेचून व्हिसा मिळत नाही. परकीय राज्यावर दावा लावायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे केंद्राची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी व्हिसा द्यायचा की नाही हा निर्णय इथल्या न्यायाधीशाच्या हातात येत नाही.

इथल्या कोर्टाचा उपयोग आहे तो इथल्या माणसाविरुद्ध. खोट्या लॉटरीचे किंवा न झालेल्या दाव्याचे पैसे पेण-रोह्यातल्या एजंटने घेतले असतील तर फसवणुकीचा गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. सेवेतल्या त्रुटीसाठी अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद आणि एजंटचे मेसेज जपून ठेवावेत; तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.