फ्री कोणी करायचं?

सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत सॉर्टिंगसाठी ‘क्यूसॉर्ट’ आहे, शोधण्यासाठी ‘बीसर्च’ आहे, पण लिंक्ड लिस्ट नाही. त्यामुळे जो तो आपापली हेल्पर फंक्शन्स लिहितो: एक नोड जोडणारं, एक काढणारं, एक अख्खी लिस्ट मोडणारं. कॉलेजात पॉइंटरची ही जोडाजोड चांगली घोटून घेतली जाते. नोडमधल्या डेटाचा मालक कोण, हा प्रश्न मात्र राहून जातो, कारण वर्गातल्या नोडमध्ये नुसता पूर्णांक असतो आणि तो कोणाला फ्री करावा लागत नाही. प्रत्यक्ष कामाच्या कोडमध्ये तिथे पॉइंटर येतो. त्या पॉइंटरच्या टाइपवरून तो कोणाच्या ताब्यात आहे हे कंपायलरला कळत नाही, वाचणाऱ्यालाही कळत नाही. मग अंदाज सुरू होतात आणि बरेचसे अंदाज चुकतात.

लिस्ट फ्री केली की आतलं सगळं फ्री झालं, हा त्यातला सगळ्यात पक्का अंदाज. जीनोम डेस्कटॉप ज्या जीलिब लायब्ररीवर उभा आहे, तिथे ‘जी_लिस्ट_फ्री’ फक्त नोड परत करतं. नोड ज्या डेटाकडे बोट दाखवत होते तो जागच्या जागी राहतो. आहेराची यादी फाडली म्हणून आलेली भांडी नाहीशी होत नाहीत, तसंच हे. यामागे ठोस कारण आहे. तो पॉइंटर ‘मॅलॉक’ने मिळालेल्या जागेचा असेल, कोडमध्येच लिहिलेल्या स्ट्रिंगचा असेल, किंवा पॉइंटरच्या जागेत बसवलेला साधा पूर्णांकही असेल. तोच डेटा दुसऱ्या एखाद्या लिस्टमध्येही असू शकतो. लिस्टला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून जीलिबने 2.28 आवृत्तीत ‘जी_लिस्ट_फ्री_फुल’ दिलं. डेटा कसा मोडायचा हे सांगणारं फंक्शन त्याला सोबत द्यायचं, म्हणजे निर्णय ज्याला माहिती आहे त्याच्याच हाती राहतो.

दुसरा गैरसमज याच्या उलट बाजूचा: लिस्टमध्ये टाकलं म्हणजे लिस्टने स्वतःची प्रत करून घेतली. कधी घेते, कधी नाही, आणि एकाच लायब्ररीत दोन्ही प्रकार सापडतात. लिबकर्ल हे याचं उत्तम उदाहरण. एचटीटीपी हेडरची लिस्ट तयार करताना ‘कर्ल_एसलिस्ट_अपेंड’ला दिलेल्या स्ट्रिंगची ते खरोखरच प्रत करतं, त्यामुळे मूळ स्ट्रिंग लगेच फ्री केली तरी चालतं. पण तयार झालेली ती लिस्ट हेडरच्या पर्यायातून हँडलला दिली की तिची प्रत होत नाही. लिबकर्ल फक्त पॉइंटर धरून ठेवतं. ट्रान्सफर पूर्ण होईपर्यंत लिस्ट जिवंत ठेवणं आणि नंतर ‘कर्ल_एसलिस्ट_फ्री_ऑल’ बोलावणं ही बोलावणाऱ्याची जबाबदारी. यूआरएलसारख्या साध्या स्ट्रिंग पर्यायांची प्रत मात्र 7.17.0 आवृत्तीपासून लिबकर्ल स्वतः करून घेतं, आणि पोस्टफील्ड्सच्या पर्यायाने पाठवलेल्या मजकुराची पुन्हा नाही! हे तर्काने ओळखता येत नाही. दस्तऐवज उघडून वाचावा लागतो, आणि तिथे ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

लिस्टमधून काढणं म्हणजे फ्री करणं, असंही अनेकांना वाटतं. लिनक्स कर्नलचं ‘लिस्ट_डेल’ शेजारच्या दोन नोडचे पॉइंटर एकमेकांना जोडतं आणि काढलेल्या नोडच्या दोन्ही पॉइंटरमध्ये मुद्दाम निरुपयोगी ‘पॉयझन’ पत्ते भरतं, म्हणजे चुकून कोणी ते वापरले तर घोटाळा तिथल्या तिथे उघडा पडावा. मेमरीला ते हात लावत नाही. लावणारही कसं? कर्नलमध्ये लिस्टचा दुवा मूळ स्ट्रक्चरच्या पोटातच बसवलेला असतो. एकाच स्ट्रक्चरमध्ये असे दोन-तीन दुवे असले की ते एकाच वेळी तितक्या लिस्टमध्ये राहतं. एका लिस्टने त्याला फ्री केलं तर बाकीच्या लिस्ट मेलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतील.

लिस्ट मोडणाऱ्या लूपमधली चूक तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लूपच्या अंगात नोड फ्री केला जातो आणि पुढच्या फेरीला जाण्यासाठी त्याच नोडचा ‘नेक्स्ट’ वाचला जातो. हे कोड अनेकदा निमूट चालतं, कारण फ्री झालेल्या जागेतला जुना मजकूर लगेच पुसला जाईलच असं नाही. म्हणून ‘चालतंय ना’ हा पुरावा इथे धरता येत नाही. कर्निघन आणि रिची यांनी सी भाषेवरच्या आपल्या पुस्तकाच्या 1988च्या दुसऱ्या आवृत्तीत नेमका हाच लूप चुकीचा नमुना म्हणून छापला. ‘नेक्स्ट’ आधी बाजूला ठेवायचा आणि मगच फ्री करायचं, एवढाच उपाय. कर्नलमधल्या ‘सेफ’ नाव लावलेल्या लिस्ट मॅक्रोंमध्ये हीच युक्ती आहे. पण हा ‘सेफ’ फक्त हातातला नोड काढण्यापुरता. दुसऱ्या थ्रेडने त्याच वेळी लिस्ट बदलली तर तो कसलंही संरक्षण देत नाही.

प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी परत घेतेच, हा युक्तिवाद क्षणभर चालणाऱ्या छोट्या टूलपुरता खरा आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरला तो लागू नाही, आणि हेल्पर लिहिणाऱ्याला आपलं फंक्शन कुठे वापरलं जाईल हे आधी ठाऊक नसतं. व्हॅलग्रिंड आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर ही साधनं मोलाची आहेत, पण चाचणीत जी वाट चालली गेली तिथल्याच चुका ती दाखवतात.

चांगला हेल्पर मालकीबद्दल अंदाज करायला लावत नाही. प्रत करणार असेल तर नावातच ‘कॉपी’ घालावं, ताबा घेणार असेल तर ‘टेक’, आणि हेडर फाइलमध्ये एक ओळ लिहून कोण फ्री करणार ते सांगून टाकावं. नावातून हे कळत नसलं की काय होतं, ते पायथनच्या सी एपीआयमध्ये दिसतं: ‘पायलिस्ट_सेटआयटम’ दिलेला रेफरन्स ‘चोरतं’, तर ‘पायलिस्ट_अपेंड’ स्वतःचा वेगळा रेफरन्स घेतं. म्हणजे नव्याने बनवलेली वस्तू अपेंड केल्यावर आपल्याकडचा रेफरन्स आपणच सोडायचा, नाहीतर लीक ठरलेला. ‘पायलिस्ट_गेटआयटम’ देतं तो उसना रेफरन्स. दोन थ्रेड एकाच लिस्टवर काम करत असताना ही उसनवार धोक्याची ठरते, म्हणून 3.13 आवृत्तीत स्वतःचा रेफरन्स देणारं ‘पायलिस्ट_गेटआयटमरेफ’ आलं.

सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न अपयशाचा आहे. जोडणं फसलं तर वस्तू कोणाची? ‘पायलिस्ट_सेटआयटम’ इंडेक्स चुकीचा निघाला तरी दिलेला रेफरन्स सोडून देतं. बोलावणाऱ्याने तो पुन्हा सोडला की चूक झाली. ‘कर्ल_एसलिस्ट_अपेंड’ फसलं की नल देतं, पण आधीची लिस्ट शाबूत असते आणि ती अजून आपलीच असते. उत्तर थेट त्याच व्हेरिएबलमध्ये घेतलं तर जुन्या लिस्टकडे जाणारा एकमेव पॉइंटर पुसला जातो. ‘रीअ‍ॅलॉक’च्या बाबतीतही नेमकं हेच होतं. दोन्हीकडे उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्यायचं, ते नल नाही ना ते तपासायचं आणि मगच जुन्याच्या जागी ठेवायचं.