एजंटचं गणित आणि आपलं घर

परवा सकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात सोलापूरच्या आमच्या मावसवहिनींचा फोन आला. आवाजात घाई. "ताई, मुलाने हिंजवडीजवळ फ्लॅट बघितलाय. एजंट म्हणतोय, आज संध्याकाळपर्यंत पन्नास हजार टोकन भरा, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. काय करू?"

मी विचारलं, "वहिनी, त्या एजंटला पैसे कोण देणार?"

"आपल्याकडून एक रुपया घेत नाही म्हणाला. देवमाणूस आहे हो!"

मैत्रिणींनो, मेख तिथेच आहे. नव्या इमारतीतला फ्लॅट विकला की एजंटला कमिशन बिल्डर देतो. हल्ली अशा एजंटला 'चॅनल पार्टनर' असं गोंडस नाव आहे. पण बिल्डर ते पैसे कुठून आणणार? आपण भरलेल्या किमतीतूनच ना! आणि जो बिल्डर टक्का जास्त देईल, त्याचीच साइट आधी दाखवायचा मोह एजंटला होणारच. आपल्याला सोयीचं घर कोणतं, हा प्रश्न मागे पडतो.

घर विकतानाही तेच. आमच्या ओळखीच्या एक काकू, काकांच्या माघारी कोथरूडचा जुना फ्लॅट विकायला निघाल्या. साठ लाखांची अपेक्षा होती. एजंट म्हणाला, "सत्तावन्नला गिऱ्हाईक आहे, देऊन टाका, मार्केट पडलंय." काकूंनी दिला. आता गणित मांडा. एक टक्क्याने एजंटला साठ लाखांवर साठ हजार मिळाले असते, सत्तावन्नवर सत्तावन्न हजार मिळाले. त्याचे गेले तीन हजार, काकूंचे गेले तीन लाख! आणखी महिनाभर गिऱ्हाइकं फिरवण्यापेक्षा आजच मोकळं होणं त्याला परवडलं. काकूंची मात्र म्हातारपणाची पुंजी कमी झाली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. अमेरिकेत लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतो आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो. म्हणजे थांबावं कधी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं!

भाड्याच्या घराचं दुखणं वेगळं. शिकायला, नोकरीला पुण्यात आलेल्या आपल्या लेकी कर्वेनगर, वाघोलीला खोल्या शोधतात. एजंटला साधारण एक महिन्याचं भाडं द्यावं लागतं. करार अकरा महिन्यांचा. जुनी मुलगी राहिली तर एजंटला फारसं काही सुटत नाही, नवी आली की पुन्हा पूर्ण दलाली. मग मालकाच्या कानावर येतं, "दोन हजार जास्त देणारी पार्टी आहे." असं घरोघरी झालं की सगळ्या गल्लीचंच भाडं चढतं.

सगळे एजंट लबाड असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. परक्या शहरात घर दाखवणं, सोसायटीचं ना-हरकत पत्र, बँकेचे कागद, यासाठी ते बिचारे उन्हातान्हात खेपा घालतात. त्यांच्या कष्टाचे पैसे द्यावेतच. पण त्यांचं पोट व्यवहार होण्यावर आहे, आपला फायदा होण्यावर नाही, एवढं मनात ठेवावं.

कायदाही आपल्या मदतीला आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं. तिथे नोंदवलेल्या प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. २०२३ मध्ये त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. एजंटचा आणि प्रकल्पाचा नंबर मागा आणि मुलांकडून महारेराच्या वेबसाइटवर तपासून घ्या. रजिस्टर करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या घराला आणि भाड्याला मात्र ही छत्री पुरत नाही. तिथे दलाली किती, कधी, करार वाढवताना पुन्हा द्यायची का, हे आधीच लिहून घ्या. विकताना दोन-तीन एजंटांना विचारा, त्याच इमारतीत अलीकडे काय भाव मिळाला त्याची चौकशी करा. भाडेकरार लेखी आणि रजिस्टर हवाच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे.

आणि वहिनींचं काय झालं? माझं ऐकून त्यांनी टोकन भरलं नाही. चार दिवसांनी फोन आला. "ताई, फ्लॅट अजून तसाच आहे, दुसरी पार्टी काही उगवली नाही. वेबसाइटवर ताबा मिळायची तारीख बघितली, तर एजंटने सांगितली त्याच्यापेक्षा दीड वर्ष पुढची! आता मुलगा दुसरीकडेही बघतोय."

भाजी घेताना आपण चार गाड्या फिरतो, कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघतो. जन्माची कमाई घालताना चार दिवस थांबलं तर काय बिघडलं?